खिळ्याचं पान

३ मार्च
सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझं सगळं बदललं. काकांच्या खोक्यांच्या कारखान्यात ती आली — सल्लागार! अर्धा दिवस, नुसतं बघायला. आपला माल वेळेवर का जात नाही, हे तिने शोधायचं. काकांनी कॉफी विचारली. "गिऱ्हाइकाकडे मी काही घेत नाही," म्हणाली. काय ठसका! मी पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर आपटलो.

४ मार्च
तिला सहा आठवडे नेमा म्हणालो. काका म्हणाले, बाहेरचं माणूस कशाला हवं ते कागदावर मांड, पटलं तर बोलावतो. मी भडकलो — कॉलेज अर्धवट सोडलं ते काय निबंध लिहायला? "निबंध नको रे, तोफ," काका म्हणाले; भडकलो की ते मला तोफच म्हणतात. "कारण दे."

५ मार्च
पहिला खर्डा काकूने वाचला. यात तिच्या हसण्याचा काय संबंध, म्हणाली.
खोडलं.

९ मार्च
उशिरा गेलेल्या सगळ्या ऑर्डरी काढल्या. तेवीस. आणि कालची ऑर्डर मात्र आज तयार! कामं लावून देणाऱ्या मिस्त्रींच्या टेबलाशी तासभर उभा राहिलो. नव्या ऑर्डरीची चिठ्ठी आली की ते उभ्या खिळ्यात खोचतात. पुढचं काम घेताना वरची काढतात. जुन्या तळाशी पिवळ्या पडतायत.
तो खिळा मी आणलाय. कामाला लागलो त्याच आठवड्यात. आधी दोरी होती — या टोकाला चिठ्ठी अडकवायची, त्या टोकाची काढायची. कपडे वाळत घातल्यासारखं दिसतं म्हणून मीच तोडली.

१० मार्च
कागद तयार. खिळ्याचं नावही नाही. काका नक्की हो म्हणणार. सहा आठवडे!
रात्री नऊ तारखेचं पान पुन्हा वाचलं.

११ मार्च
कागद दिला. मागे खिळ्याचं पान जोडून.
काकांना ठाऊक होतं! मिस्त्रींनी कधीच सांगितलं होतं म्हणे. मग गप्प का बसलात, म्हणून मी ओरडलो. ते चष्मा पुसत बसले. "मी बोललो असतो तर तू कॉलेजसारखं हेही सोडून गेला असतास. परक्याचं ऐकशील, म्हणून तिला बोलावलं."
जाऊन दोरी बांधली. काका दुसरं टोक धरून उभे होते.

१२ मार्च
काकांनी तिला फोन करून कळवलं, आता गरज नाही. संपलं.
काकू इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे आपण आता तिचे गिऱ्हाईक नाही."
शर्ट अजून गरम आहे. तिने दिलेल्या कार्डावर ऑफिसचा पत्ता आहे. वही इथेच ठेवतो. कॉफी विचारायला निघालो.