बाबांच्या कॉम्प्युटरचा वेग

रविवार, २ नोव्हेंबर
पुढे गैरसमज नको म्हणून आधीच लिहून ठेवते. मला उत्कर्षावहिनींचा हेवा वाटत नाही. त्या यवतमाळच्या आहेत, आयटीत आहेत, घरून काम करतात, शिवाय पोळ्या गोल करतात. दादाची निवड चांगली आहे. यात हेवा वाटण्यासारखं काय आहे?

प्रश्न फक्त बाबांच्या आठवणींचा आहे. बाबा लोणी काळभोरला मास्तर होते. निवृत्त झाल्यापासून ते शाळेच्या आठवणी सांगतात आणि मी टाइप करते. हे काम माझं आहे. लहानपणी दम्यामुळे मी शाळेत उशिरा गेले. चौथीपर्यंतचं सगळं बाबांनीच घरी शिकवलं. त्यांचं वाक्य कुठे जाणार हे मला त्यांच्याआधी कळतं. आणि सध्या ते गॅलरीत बसून वहिनींच्या लॅपटॉपवर सांगताहेत.

कारण विचारलं. म्हणाले, आपला कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत काय सांगायचं होतं तेच विसरायला होतं.

म्हणजे दोष कॉम्प्युटरचा आहे. बरं वाटलं.

सोमवार, ३ नोव्हेंबर
दादाला विचारलं. तो म्हणाला, डेस्कटॉप म्हातारा झालाय पण टाकाऊ नाही, आतली हार्ड डिस्क फिरून फिरून दमलीय. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी नवी डिस्क, घातली की पळायला लागेल. उत्कर्षाला सांग, ती बसवून देईल.

सांगणार नाही. संकल्प: सगळं स्वतः करायचं. कुणाची मदत घ्यायची नाही. विशेषतः एका व्यक्तीची.

संध्याकाळी गॅलरीतून हसण्याचे आवाज. बाबा वर्गात बैल शिरल्याची गोष्ट सांगत होते. मला सांगितली तेव्हा ते रेडकू होतं. मी जाऊन नम्रपणे लक्षात आणून दिलं. बाबा म्हणाले, चहा टाकतेस का.

बुधवार, ५ नोव्हेंबर
बुधवार पेठेत कॉम्प्युटरच्या सामानाच्या दुकानात गेले. रात्री खूप वाचलं होतं, त्यामुळे तयारी पक्की. सगळ्यात वेगवान एसएसडी म्हणजे एक छोटी पट्टी असते, च्युइंग गमएवढी. वहिनींच्या लॅपटॉपमध्ये तीच आहे. (दादाकडून सहज काढून घेतलं.) मी त्याहून हळू का घ्यावी? उलट एक पायरी वरची घेतली.

दुकानदारांनी विचारलं, मदरबोर्ड कोणता आहे? मी म्हटलं, चांगला आहे. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग पट्टी बांधून दिली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत धूळ, पालीचं एक अंडं (रिकामं), आणि दादाचं हरवलेलं पेन. पट्टी लावायला जागाच नाही. सगळीकडे टॉर्च मारून पाहिलं. ही पट्टी लागते कशी ते आमच्या मदरबोर्डला माहीतही नाही. त्याच्या जन्मानंतरची गोष्ट आहे.

वहिनी दारातून डोकावल्या. मी म्हटलं, साफसफाई करतेय. त्या म्हणाल्या, छान. आणि पेंटब्रश आणून दिला, धूळ काढायला. ब्रश घेतला. ब्रश म्हणजे मदत नव्हे.

शनिवार, ८ नोव्हेंबर
परत बुधवार पेठ. काल रात्री काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण दुकानदारांनी नुसतं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही. कारणे सांगू नयेत.’ मी तरी कारण सांगितलं. ते म्हणाले, “पट्टी उत्तम आहे. आता तिच्याजोगा कॉम्प्युटर घ्या.”

शेवटी साधी, चपटी, पत्त्यांच्या कॅटएवढी एसएसडी घेतली. जुन्या कॉम्प्युटरला हीच चालते. वहिनींच्याहून हळू आहे. पण वेग हेच सर्वस्व नाही, असं माझं आधीपासून मत आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर
दादाने टेबलावरची पट्टी पाहिली. वाया कशाला घालवायची म्हणून वहिनींच्या लॅपटॉपमध्ये बसवून टाकली. तिथे एक जागा रिकामी होती म्हणे. अर्थातच होती. त्यांच्याकडे सगळ्यालाच जागा असते.

बाबा जेवताना म्हणाले, आता उत्कर्षाच्या लॅपटॉपमध्ये माझ्या सगळ्या आठवणी मावतील. आई म्हणाली, मुक्ताई, भात वाढू का, काही खात नाहीयेस.

मला भूक नव्हती. हेव्याचा संबंध नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
आधी बॅकअप. बाबांच्या आठवणी दोन पेनड्राइव्हवर घेतल्या. मग प्रत्येक फाइल उघडून बरोबर आली का पाहिलं. बघता बघता बाबांच्या पुराच्या प्रकरणात एक विसंगती सापडली. आरंभी ते हडपसरपर्यंत चालत येतात, शेवटी ट्रकवाल्याचे आभार मानतात. दोन्ही कसं शक्य आहे? बाबांना विचारायला गेले. ते वहिनींना काहीतरी सांगत होते. बैल आता दोन झाले आहेत.

मी काही बोलले नाही. फक्त ‘दोन?’ एवढंच म्हटलं.

एसएसडी बसवायची राहिली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
बसवली! जास्तीची केबल नव्हती, म्हणून डीव्हीडी ड्राइव्हची काढून लावली. मग जुन्या डिस्कमधलं सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं. कुठून आणि कुठे हे उलटं निवडलं तर बाबांची सगळी शाळा पुसली जाईल. त्यामुळे निवडलं, तपासलं, रद्द केलं, पुन्हा निवडलं. आईने विचारलं, गॅस बंद केलास का. तेही तपासून आले. अखेर डोळे मिटून क्लिक केलं.

झालं. कुणाच्याही मदतीशिवाय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
फरक जाणवतो! पूर्वी कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत मेथीची जुडी निवडून व्हायची. आज थोड्या काड्या राहिल्या. आवाजसुद्धा वेगळा येतोय, जास्त आत्मविश्वासाचा. दादाला दाखवलं. तो म्हणाला, मला तर तसाच वाटतो. त्याला कौतुक करायची सवय नाही. निदान माझं.

बाबांना उद्या सकाळी बसायचं आमंत्रण दिलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर
बाबा आले, खुर्चीत बसले. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत त्यांनी पेपर वाचला, मग घडी घातली, मग शब्दकोडं काढलं.

वहिनी चहा घेऊन आल्या. पडद्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “ताई, हा तर जुन्याच डिस्कवरून सुरू होऊन राहिला ना.”

म्हणजे नवी डिस्क आत नुसती बसून होती. दोन दिवस. भाड्याने राहिल्यासारखी.

वहिनींनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, एक कळ दाबली, निळ्या पडद्यावरच्या यादीत नव्या डिस्कचं नाव जुनीच्या वर नेलं. बाबांचं ‘चार अक्षरी फूल’ आठवून व्हायच्या आत सगळं उघडलं. बाबा म्हणाले, वा मुक्ताई.

नोंद: सगळं काम मी केलं. वहिनींनी फक्त कळ दाबली.

रविवार, १६ नोव्हेंबर
सकाळी लवकर कॉम्प्युटर लावून ठेवला. खुर्चीवर बाबांची उशी ठेवली. बाबा चहा घेऊन माझ्यासमोरून गॅलरीत गेले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
कालही गॅलरी. आजही गॅलरी.

म्हणून विचारलं. मंडईतून मटार आणले होते, ते सोलताना, दोघंच असताना. बाबा, आता काय अडचण आहे? आता तर सुरू व्हायला वेळ लागत नाही.

बाबांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाले, “कॉम्प्युटर तसा आधीही चालत होता गं. उत्कर्षाला पुढे काय झालं ते हवं असतं. तुला ते कधी झालं ते हवं असतं.”

मी म्हटलं, तुम्हीच शिकवलंत, चूक दिसली की तिथेच थांबायचं.

म्हणाले, “हो ना. फारच चांगलं शिकवलं.”

हे कौतुक आहे. सोयीसाठी इथे उतरवून ठेवते.

बुधवार, १९ नोव्हेंबर
रात्री आईला दोनदा विचारलं, ते कौतुकच होतं ना. दुसऱ्यांदा आई म्हणाली, झोप आता.

आज दार लावून घेण्याच्या निमित्ताने गॅलरीपाशी उभी राहिले. वहिनी फार काही करत नाहीत. बाबा थांबले की ‘मग?’ म्हणतात. एवढंच. ‘मग?’ म्हणायला ना टायपिंग लागतं, ना शिक्षण.

संकल्प: बाबांच्या गोष्टीत काहीही खटकलं तरी ‘मग?’ म्हणायचं. दुसरा शब्द नाही. आरशासमोर सराव केला. चांगलं जमतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर
वहिनींना कंपनीने आजपासून रोज ऑफिसला बोलावलंय. त्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं. देवापुढे उदबत्ती लावली, ती रोजच लावते.

दुपारी बाबा स्वतः आले. कॉम्प्युटर क्षणात उघडला. बाबा खुशीत होते. शाळा तपासायला आलेल्या साहेबांची आठवण काढली. साहेब वर्गात आले, मुलांना टाकून बोलले, आणि बाबांनी साऱ्या गावादेखत त्यांना असं सुनावलं की साहेब चहा न घेता गेले. वर्गात सारं गाव कसं मावलं, हे मी विचारलं नाही. ओठ घट्ट धरले. सगळं जसंच्या तसं टाइप केलं.

बाबा थांबले. मी म्हटलं, “मग?”

बाबांचा चेहरा एकदम सावध झाला. “का? काय चुकलं?”

काही नाही म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. पण ते पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, सारं गाव नको, पाचसहा माणसं लिही. मी लिहिलं. मग म्हणाले, माणसं काढूनच टाक. काढली.

“तसं मी त्या साहेबाला काही बोललो नव्हतो,” म्हणाले. “मनात म्हणालो होतो.”

मी काहीच विचारलं नाही. ते उठले, उशी काखेत घेतली, म्हणाले, आज राहू दे.

कॉम्प्युटर बंद केला. बंदही आता लगेच होतो.