शिडीच्या जागी शिट्टी

सोमवार, ६ मार्च

सहा! पंधरापैकी सहा शब्द! आणि पोराची आई दाराशी उभी राहून मला सांगतेय, "अहो बाई, तो तसला नाही हो." दहा वर्षं हेच ऐकतेय. एकदा तरी एखाद्या आईने म्हणावं, हो, तसलाच आहे, तुम्हीच ठेवून घ्या. तर नाही.

मुलगा सोळाचा. डोळे लाल, ओठ सुकलेले, मध्येच उगाच हसतो. मी त्याचं नाव ढगोबा ठेवलंय. (इथेच. फायलीत नाही.) चौदाव्या वर्षापासून गांजा, शनिवार-रविवारी वर दारू. शाळेने घरी बसवलंय. आमच्या दवाखान्याने 'सुधारणा आहे' असं लिहून दिलं तरच परत घेणार.

माझं काम तसं सोपं. पंधरा शब्द मोठ्याने वाचायचे, आठवतील तेवढे त्याने सांगायचे. असं पाच वेळा. मग वीस मिनिटं त्याला चित्रं जुळवायला द्यायची आणि अचानक विचारायचं, मघाचे शब्द सांग. आपला चेहरा दगडाचा. तो जे म्हणेल ते तसंच लिहायचं, चुकलेला शब्दसुद्धा.

वीस मिनिटांनी ढगोबा म्हणाला, "कुठले शब्द?" कुठले शब्द! मग रडतखडत सहा.

बाहेर आईने विचारलं, सहा म्हणजे कसं हो? मी म्हणाले, "माझी मुलगी सात वर्षांची असताना पंधराच्या पंधरा म्हणायची." म्हणायची काही गरज नव्हती. बाईंचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू?

मंगळवार, ७ मार्च

डॉक्टरीणबाईंनी 'तसला-नाही' बाईंना समोर बसवून समजावलं. "विरजण लावलेलं भांडं सारखं हलवलं तर दही लागतं का? या वयातला मेंदू तसाच. विशी उलटून गेली तरी लागतच असतो. स्वतःला आवरायचं कसं, हे सांभाळणारा भाग तर सगळ्यात शेवटी. आणि हा रोज भांडं हलवतोय. गांजाने नवीन गोष्ट डोक्यात साठत नाही, दारूने उरलंसुरलं पण जातं."

"म्हणजे फुकट गेला का हो माझा मुलगा?"

"असं कुठे म्हटलं मी? महिनाभर सगळं बंद करा. पोरांची आठवण पुष्कळदा सावरते. पूर्ण सावरेल असा शब्द मात्र देणार नाही."

पुन्हा चाचणी ६ एप्रिलला. बाई रडायला लागल्या. मी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि घड्याळ बघितलं.

शनिवार, ११ मार्च

पोपटने दूध गॅसवर ठेवलं आणि विसरली. भांडं काळंठिक्कर. वर मलाच विचारते, "आई, कसला वास येतोय गं?"

पोपट म्हणजे माझी लेक. सतरा पूर्ण. हे नाव तिने स्वतः कमावलंय! मी या नोकरीला लागले तेव्हा पंधरा शब्द वाचायचा सराव तिच्यावर करायचे. आठवड्याभरात तिला यादी तोंडपाठ. चालसुद्धा लावली होती— चमचा, पूल, शिडी, बटाटा, कंदील! पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे 'शिडी' म्हणताना फटीतून शिट्टी वाजायची. आम्ही दोघी लोळून हसायचो. मग ती सरळ 'शिट्टी'च म्हणायला लागली. दात आले, शिट्टी राहिली.

भांडं घासून घासून हात दुखले.

रविवार, १२ मार्च

पोपटने जेवताना एकच विनोद दोनदा सांगितला. दोन्ही वेळा मी हसले.

रविवार, १९ मार्च

तिचं जाकीट धुवायला घेतलं. अर्धी बाटली अत्तर ओतलेलं, आणि अत्तराच्या खाली तो वास. दहा वर्षं रोज माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतो तो वास. तो मला कळणार नाही?

नवऱ्याला दाखवलं. म्हणाला, "शिकवणीच्या गच्चीवर पोरं ओढत असतील, हिच्या कपड्यांना लागला असेल. तुला आता सगळीकडे पेशंटच दिसायला लागलेत." बोलणारा कोण, तर तिच्या पंधराव्या वाढदिवसाला तिच्या हातात बिअरचा ग्लास देणारा! "बाहेर चोरून पिण्यापेक्षा आपल्यासमोर घेतलेली बरी." आणि मी काय केलं? मी फोटो काढला. तो अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे. त्यात पोपटने नाक मुरडलंय. छान आलाय फोटो.

जाकीट दोनदा धुतलं.

गुरुवार, २३ मार्च

विचारलं एकदाचं. "पोपट, तू काही घेतेस का?"

ती खो-खो हसली. म्हणाली, "घे ना परीक्षा!" आणि मी काही बोलायच्या आत कमरेवर हात ठेवून सुरूच झाली— चमचा, पूल, शिट्टी, बटाटा, कंदील... शेवटच्या लिंबापर्यंत सगळे. ओळीने. त्याच चालीत. माझा दगडी चेहरा गेला खड्ड्यात. तिला घट्ट धरलं मी. म्हटलं, काही झालेलं नाही माझ्या पोरीला.

ही चाचणी नव्हे, हे मला कळतं. नव्याने ऐकलेले शब्द कुणालाच असे ओळीने येत नाहीत. आणि सातव्या वर्षी पाठ केलेलं मरेपर्यंत जात नाही. दवाखान्याच्या कपाटात दुसरी यादी आहे, कधीही न ऐकलेली. ती आणून वाचली तर खरं काय ते कळेल.

आणीन. आज नको.

बुधवार, २९ मार्च

'तसला-नाही' बाईंचा फोन. तीन आठवडे पोरगा घरात आहे, रात्रीचा झोपतो, आजीच्या गोळ्यांच्या वेळा न विचारता सांगतो. "सुधारतोय ना हो, बाई?"

मी म्हणाले, "ते चाचणीत दिसेल. आणि आईने वेळेवर डोळे उघडे ठेवले असते ना, तर ही वेळच आली नसती."

त्या म्हणाल्या, "हो, बरोबर आहे तुमचं."

असं गरीब गायीसारखं ऐकून घेणाऱ्या बायकांचा मला फार राग येतो.

बुधवार, ५ एप्रिल

डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या, "उद्या त्या मुलाला दुसरी यादी हं." नियमच आहे तसा. पण कपाटाची किल्ली सापडेना. खण उलटेपालटे केले, शिपायावर ओरडले. मरू दे. पहिलीच वाचते. ज्याला वीस मिनिटं आठवत नव्हती त्याला महिन्याने काय आठवणार आहे, कपाळ!

पोपट तापाचं निमित्त करून दिवसभर झोपून. ताप नाही.

गुरुवार, ६ एप्रिल

लिहिते. जसं झालं तसं.

ढगोबा आला. डोळे स्वच्छ, केस विंचरलेले, शर्टाला इस्त्री. मी यादी वाचली. एकदाच. आणि तो धडाधडा सुरू झाला. ओळीने. चालीत!

चमचा, पूल, शिट्टी—

पेन थांबलं. चुकीचा शब्दसुद्धा जसा आला तसा लिहायचा. लिहिला. माझ्याच अक्षरात— शिट्टी. तो पुढे लिंबापर्यंत गेला आणि शाबासकीच्या आशेने माझ्याकडे बघत राहिला.

"कोणी शिकवलं?"

त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. मग म्हणाला, "एक मैत्रीण आहे. शिकवणीच्या गच्चीवर आम्ही एकत्र... म्हणजे आधी. मी आता नाही घेत, खरंच. तिला म्हटलं, शाळा परत घेत नाहीये, शब्दांची परीक्षा आहे, चमचा-बटाटा असलं काहीतरी. तर तिला सगळी येतच होती! परवा फोनवर घोकून घेतली माझ्याकडून. ती म्हणते, हे म्हणून दाखवलं की घरचे गप्प बसतात."

घरचे गप्प बसतात. म्हणजे इतके दिवस घरात पोपट झाला तो माझा!

यादी चालणार नाही, दुसरी वाचायला हवी होती. डॉक्टरीणबाईंकडे दुसरी किल्ली असते. शेजारच्याच खोलीत होत्या. महिनाभर काही घेतलेलं नाही त्याने— कोण जाणे, दहा आले असते, अकरा आले असते. खरंच आले असते तर? ते मला बघवलं नसतं. नाही वाचली. कागदावर लिहिलं: 'यादी पाठ करून आला आहे. सुधारणा नाही.' सही केली. पोराने तो कागद उलटा वाचला आणि त्याचा चेहरा पडला. "बाई, मी खरंच सोडलंय," म्हणाला. मी म्हटलं, "पुढचा."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यादी बाहेर गेली कशी? म्हटलं, इंटरनेटवर काय मिळत नाही हल्ली!

बाहेर 'तसला-नाही' बाई उभ्या. "सगळे आले ना, बाई? मला आतून ऐकू येत होतं!" मी सांगितलं— पाठ करून आलाय, शाळेला तसंच कळवणार. वर म्हणाले, "संगत बघा त्याची." जीभ झडली नाही माझी.

त्यांनी पोराच्या दंडाला धरलं. "कोण आहे ती मुलगी? तिला आईबाप आहेत की नाहीत? आई काय करते तिची? आंधळी आहे का?"

मी टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

शुक्रवार, ७ एप्रिल

किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. दुसरी यादी घरी आणली. पोपटला पाच वेळा वाचून दाखवली, मग वीस मिनिटं मटार सोलायला बसवलं. मग विचारलं.

"आई, ही नको ना. आपली यादी विचार."

पाच.

ढगोबाचे सहा होते.