टँकर आलेल्या दिवसाचा हात

अप्पा,

चाकूरच्या शाळेच्या पाटीवर ‘जिल्हा लातूर’ लिहिताना माझा ‘ल’ थरथरला, तिथून सगळं बदललं. त्याआधी मी वेळेवर गोळी घेणारा, मान खाली घालून चालणारा, बरा झालेला पोरगा होतो. मुख्याध्यापक खाली उभे होते. कपाळावर हात धरून वर बघत म्हणाले, “काय पेंटर, एवढ्या उन्हात लातूरला थंडी वाजायली का?” पोरं खिदळली. मीही हसलो आणि रॉकेलच्या बोळ्यानं ते अक्षर पुसून टाकलं. पुन्हा काढलं. पुन्हा थरथरलं. ब्रश तुमचाच होता, खारीच्या केसांचा. त्याच्यावर खापर फोडायची सोय नव्हती.

तुम्हाला ठाऊक नसेल, लातूर आता जिल्हा झालाय. तुम्ही गेलात त्या मोठ्या दुष्काळात आपलं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आणि पाट्या कोण रंगवून घेणार म्हणून तुमचे रंगाचे डबे साय धरून वाळून गेले होते. पाऊस यंदाही तसाच रुसलाय, पण पाट्यांना मात्र भर आलाय. शाळा, दवाखाना, सोसायटी, पोस्ट, जिथं तिथं जुना जिल्हा पुसायचा आणि नवा लिहायचा. कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या पोराला आणखी काय पाहिजे? मी चौथीत असताना तुम्ही शिकवलेलं अजून हातात आहे. काठीच्या टोकाला चिंधीचा बोळा, त्यावर मनगट टेकायचं, आणि रेघ ओढायची ती श्वास सोडताना. “अक्षर लिहायचं न्हाई, उभं करायचं,” म्हणत तुम्ही टपली मारायचात. ती टपली मला त्या दिवशी हवी होती, चाकूरच्या शिडीवर.

कॉलेज का सोडलं तेही सांगतो, आई तुमच्या फोटोला सांगत नसेल. नांदेडला माझ्या वर्गात एक मुलगी होती, उमरीहून रेल्वेनं यायची. तिची गाडी यायच्या कितीतरी आधी मी फलाटावर जाऊन बसायचो आणि ती उतरली की पेपर वाचत असल्यासारखं करायचो. पुढं मला झोप येईनाशी झाली. येईनाशी म्हणजे, नकोशीच झाली. डोकं असं धावायला लागलं की तोंड मागं पडायचं. खिसा रिकामा, तरी सगळ्या कँटीनला माझ्याकडून चहा. आणि एके दुपारी मी कॉलेजच्या पाण्याच्या टाकीवर चढून पुरुषभर उंच अक्षरांत तिचं नाव लिहिलं. खाली अख्खं कॉलेज जमलेलं, आणि मी वरून ओरडून सांगतोय की आता पाऊस पडणार, सगळ्यांनी घागरी आणा. मला उतरवायला माणसं लागली. तिथून मामानं मला थेट वेड्यांच्या डॉक्टरकडं नेलं.

गोळ्या सुरू झाल्यावर दाखला काढायला गेलो, तेव्हा ती भेटली. “अक्षर लई देखणं होतं,” ती म्हणाली. “पण नाव माझं होतं ना? मला इचारायचं होतंस.” मी दाखल्याची घडी घालत मान हलवली. अजूनही नांदेडला गेलो आणि उमरीच्या गाडीची वेळ झाली की पाय स्टेशनकडं वळतात. त्याच्यावर कुठल्या डॉक्टरकडं गोळी नाही, आणि असली तरी मी घेणार नाही.

गोळीनं मला टाकीवरून खाली आणलं, हे मी नाकारत नाही. माझं भांडण ते नाहीच. खाली आणल्याचं मोल म्हणून तिनं माझा हात ठेवून घेतला, हे भांडण आहे. वरून तहान. घसा असा सुकतो की जीभ परक्याची वाटते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाणी भरपूर पी. आपल्या गल्लीत टँकर येतो आठवड्याकाठी, तोही आला तर. आई आपल्या वाट्याचा तांब्या माझ्याकडं सरकवते आणि म्हणते, “मला न्हाई लागत एवढी तहान, म्हातारं माणूस मी.” ती म्हातारी नाही, अप्पा. तिचे ओठ फुटलेले असतात. असं पीत पीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. टँकर आला की हात शहाण्यासारखा वागतो. घागरी तळाला गेल्या की ब्रश नाचायला लागतो. चाकूरला गेलो तेव्हा टँकर चुकलेला होता.

गेल्या आठवड्यात मामा मला घेऊन नांदेडला गेला. त्याचं किराणा दुकान, त्यामुळं त्याला माणसंही पोत्यासारखीच दिसतात. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, “डॉक्टरसाहेब, माल चांगला हाय, फकस्त लई गरम हाय.”

मी म्हणालो, “गोळी कमी करा. हात थरथरतो.”

“थोडा थरथरतोच. सवय होते.”

“तुमचा थरथरला असता, तर तुम्ही सुई टोचली असती का?”

“ए, तोंड आवर,” मामा माझा सदरा ओढत म्हणाला.

डॉक्टर हसले. माणूस वाईट नाही. “हात महत्त्वाचा की डोकं, ते सांग.”

“दोन्ही माझेच हायत. एक गहाण ठेवून दुसरं सोडवायला मी सावकाराकडं आलो न्हाई.”

“पाणी पितोस का भरपूर?”

“कुठलं? तुमच्याकडं गोदावरी हाय साहेब. आमच्याकडं टँकर हाय.” आणि मग मी त्यांना ते सगळं सांगितलं, आलेल्या टँकरचं आणि चुकलेल्या टँकरचं. त्यांचा पेन थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी कागदाकडं न बघता माझ्या हाताकडं बघितलं.

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“आधी तुम्ही इचारलं न्हाई.”

“बरं. पाणी कमी पडलं की ही गोळी अंगात साठते. रक्त तपासू, मग किती ते ठरवू. पण सोडायची नाही. तुझ्या वडिलांचं मामांनी सांगितलंय मला. दुखणं हेच. त्यांना कुणी वेळेवर गोळी दिली असती...”

तिथं माझी सटकली. “माझ्या अप्पाला तुम्ही बघितलं होतं का? मग नाव काढू नका. गोळ्या तर मी कवाच गोदावरीत फेकल्यात!” आणि उठलो. मामा दोघांच्याही चपला हातात घेऊन जिन्यावरून माझ्यामागं पळत आला.

त्यांनी नव्हतं बघितलं. मी बघितलंय. परसातला हौद खडखडीत कोरडा, आणि तुम्ही धोतराचा काचा मारून आत उतरलाय. उरलेसुरले सगळे रंग खरवडून तुम्ही तळाला निळं पाणी भरलंत, भिंतींवर लाटा चढवल्यात, आणि मासे सोडलेत. एकासारखा दुसरा नाही. एकाला तर मामाच्या मिशा. गल्ली लोटली बघायला. शेजारची काकू वाकून म्हणाली, “पेंटर, आता एक बादली तेवढी काढून द्या की.” सगळे हसले, तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं. त्याला दुखणं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. माझ्या आयुष्यात त्याहून देखणा दिवस उगवलेला नाही.

दुसऱ्या दिवशीचं मात्र मला डॉक्टरला सांगता आलं नसतं. तुम्ही काकूचं बोलणं मनावर घेतलंत. “खरं पाणी घेऊनच येतो,” म्हणालात आणि भर उन्हात निघालात, डोक्याला काही नाही, पायांत काही नाही. मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाल. दिवस कलताना तुम्हाला चाकूरच्या रस्त्यावरून बैलगाडीत आणलं. ऊन लागलं, लोक म्हणाले. दार सकाळी तुम्ही उघडं टाकलंत तसंच सताड उघडं होतं, आणि गाडी त्यातूनच दिसली.

आता ऐका. डॉक्टर म्हणतात मी तुमच्यासारखा होईन. आई बोलत नाही, पण मी शिट्टी वाजवली तरी ती दचकून बघते. मी तुमच्यासारखा होणारच आहे, अप्पा, ब्रशापुरता. त्या हौदापुरता. रस्त्यापुरता नाही. कुठवर तुमच्यासारखं व्हायचं ते मी ठरवणार. डॉक्टर नाही, मामा नाही, आणि वाईट वाटून घेऊ नका, तुम्हीही नाही.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही. हौदाच्या कोपऱ्यात, त्या मिशीवाल्या माशापाशी दगडाखाली ठेवतो. एक गोष्ट तुमच्यापाशी कबूल करतो, मामालाही माहीत नाही. गोळ्या मी गोदावरीत फेकल्या नाहीत. त्या तुमच्या ब्रशांच्या डब्यात आहेत. आज सकाळीही घेतली, आईच्या वाट्याच्या पाण्यानं.

आता नांदेडला निघालोय. रक्त द्यायचं, आणि गोळी किती ते समोर बसून भांडायचं. ‘लातूर’चा ‘ल’ सरळ येईल आणि मी टाकीवर चढणार नाही, एवढी. डोक्याला रुमाल बांधलाय. पायांत चपला आहेत. पाण्याची बाटली भरून घेतलीय. आई टँकरच्या रांगेत आहे, तिला सांगितलंय कुठं चाललो ते.

तुम्ही दार उघडं टाकून गेलात. मी बाहेर पडतो, आणि दार लावून घेतो.