मालकीचा बिट

रत्नागिरी, बुधवार संध्याकाळ, १९८७

दोन संगणकांमधल्या फ्रेम, म्हणजे माहितीची पाकिटं, अर्धवट जायच्या. मी ठोकून दिलं, केबल खराब. वायरमन सावंतकाका तीन दिवस माळ्यावर जोड तपासतायत.

चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये! प्रत्येक फ्रेमची मेमरीत नोंद असते: मजकूर कुठे, लांबी किती, आणि मालकीचा बिट, म्हणजे शून्य-एकची खूण. बिट लावला की नोंद केबलवर फ्रेम पाठवणाऱ्या इथरनेट चिपच्या ताब्यात. मी बिट आधी लावत होतो, लांबी नंतर भरत होतो. चिप कशाला थांबेल? जुन्याच लांबीने पाठवून मोकळी. आज दुपारी दोन ओळींची अदलाबदल केली, सगळं सुरळीत.

तेवढ्यात वरून काका म्हणाले, "साहेब, जोड माझाच कच्चा ऱ्हायला आसंल." मी टॉर्च घेऊन वर चढलो. त्यांनी चांगला जोड कापून नव्याने केला. मी टॉर्च धरून उभा.