ओटी उसवणार नाही

प्रिय पुस्तकला वहिनी,

नागपूरच्या दुकानातून आज सकाळी निरोप आला. तुझे बायांचे लांब सदरे त्यांना हवेत. आहेत तेवढे आणि पुढे होतील तेवढे. अट एकच: पुढचा तो मोठा खिसा काढा. त्यानं कापडाचा झोक बिघडतो, बाई जाड दिसते, असं त्यांचं म्हणणं. उत्तर संध्याकाळच्या आत पाहिजे. तुझी ही बिनलग्नाची नणंद गोंदियाच्या वृत्तपत्रात म्हातारी होत आली, तेव्हा संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ हे तिला शिकवायला नको. पण त्यांना दोन ओळी लिहिण्याआधी तुला लिहिते आहे. तुझ्या शिवणाची गोष्ट तुला न विचारता कशी ठरवू?

खिसा म्हणे! तू असतीस तर आधी त्या शब्दावरूनच भांडली असतीस.

दादा गेला त्याच्या पुढच्या वर्षीचं डोहाळजेवण आठवतं? आपल्याच गोरेगावच्या घरी होतं, चुलतभावाच्या मुलीचं. सगळा स्वयंपाक तू केलास. पोरीसाठी पळसाच्या फुलांत रंगवलेलं ब्लाऊजपीस घडी करून ठेवलं होतंस. ओटी भरायची वेळ झाली, तू पदर सावरून पुढे आलीस, आणि आई तुला म्हणाली, "पुस्तकला, भाजी लागून राहिली वाटते. पाहून ये जरा."

भाजी तर तू कधीच उतरवली होतीस. तरी गेलीस. मी मागून आले तेव्हा तू थंड चुलीकडे पाहत उभी होतीस, आणि बाहेर बाया गाणी म्हणत होत्या.

मला वाटलं, रडशील. पण तू दुसऱ्या दिवशी मशीन ओसरीवर ओढलंस आणि कापड बेतायला घेतलंस.

"माझ्या हातानं भरू देत नाहीत, अन माझी कोनी भरत नाही," तू म्हणालीस. "मंग वाट कायले पाहू? मी ओटी शिवूनच टाकतो."

आणि शिवलीस! कमरेशी, समोर, दोन्ही हात मावतील अशी. धानाच्या रोवणीला वाकलेल्या बाईच्या खोचलेल्या पदराला जशी झोळ पडते, अगदी तशी. सदरा एका बाजूनं पळसाचा पिवळा. उलटा केला की गंजलेलं लोखंड आणि गुळाच्या पाण्यातला काळा. ओटी दोन्हीकडे. बटण नाही, चेन नाही, नुसत्या नाड्या. वर बांधल्या की शेतातल्या बांधीच्या चिखलात उतरा, सोडल्या की तसंच बँकेत जा. सातव्या महिन्यात बसणार, बाळ झाल्यावरही बसणार. कापड भंडाऱ्याकडच्या विणकरांचं, हातमागाचं. पुढे शहरातल्या बाया त्याला पर्यावरणपूरक म्हणायला लागल्या. तो शब्द तुला आवडायचा, पण म्हणताना दर वेळी जीभ अडखळायची आणि तू हसून अर्ध्यात सोडून द्यायचीस.

आईनं पहिला सदरा पाहिला आणि डोक्याला हात लावला. "हे का फॅशन झाली? पोत्याले बाह्या लावल्या!"

तू मशीनवरून मान वर केली नाहीस. "पोतं त पोतं, आई. पोतं रिकामं त राहत नाही."

ओसरीवर तुझ्याकडे शिवण शिकायला बसणाऱ्या बाया खो खो हसल्या, त्यात सगळ्यात मोठा आवाज भुमेश्वरीचा होता. बिड्या वळणं सोडून काज-बटण शिकायला तुझ्याकडे आलेली, आणि इथे बटणच नाही म्हणून आठवडाभर फुगलेली!

आणि ते धान! प्रत्येक सदरा पाठवताना त्याच्या ओटीत तू चिमूटभर धान टाकायचीस. एकदा पुण्याच्या बाईंचा तक्रारीचा फोन आला. नवीन कपड्याच्या खिशात कचरा निघाला म्हणे. तू शांतपणे म्हणालीस, "कचरा नाही जी ताई. ओटी भरली तुमची."

मग त्या बाईंनी हळूच विचारलं, "पण माझे मिस्टर नाहीत हो. चालतं का?"

"मी कुठं विचारलं जी?" तू म्हणालीस.

तुझ्यावर रागही आहे, वहिनी. दुखणं अंगावर काढलंस. "कापणी होऊ दे, मग दवाखान्यात जातो," म्हणत राहिलीस. आणि त्या काळ्या रंगात गूळ किती, लोखंड किती, माठ किती दिवस मुरवायचा, हे एकीलाही सांगून ठेवलं नाहीस. परवा आम्ही पहिला घाणा काढला. भुमेश्वरी कापड उन्हात धरून म्हणाली, "हा का काळा आहे? उंदीर आहे उंदीर!" तसाच करडा विकायला ठेवलाय. उंदीर तर उंदीर. पुढच्या वेळी काळा येईल, नाही तर त्याच्या पुढच्या वेळी.

आता तुला न दिसलेलं सांगते.

तुला शेवटचं अंगणात ठेवलं तेव्हा भुमेश्वरीनं हट्टानं तुझाच सदरा तुला घातला, पिवळी बाजू वर. बाया कुजबुजल्या. जाताना ओटी भरतात ती सवाष्णीची. तुझी कोण भरणार होतं? तेवढ्यात आई आतून सूप घेऊन आली. सुपात तांदूळ. थोरली काकू आडवी झाली. "अवो बाई, हे काऊन करून राहिली? चालत नाही तिले."

"ओटी का तिच्या नवऱ्यानं शिवली होती?" आई म्हणाली. "तिनं शिवली. बाजूले सर."

आणि दोन्ही हातांनी भरली, वहिनी! तांदूळ ओटीबाहेर सांडले, ते कुणी उचलले नाहीत. माफीबिफी काही नाही. आपल्या आईला ती मागता येत नाही. फार उशीर केला तिनं, हे तुझ्या बाजूनं मी इथे लिहून ठेवते. पण भरली.

नदीवर सोडायला तुझे कपडे मागायला आल्या होत्या बाया. मी दिले नाहीत. त्यातलाच एक घालून तुझ्या ओसरीवर बसले आहे. चष्मा, फोन आणि एक पेरू, सगळं ओटीत मावलंय. दिसत असेन जाड. दिसू दे!

नागपूरचा निरोप मी सगळ्यांना वाचून दाखवला. काहीच लपवलं नाही. हे काम मिळालं तर ओसरीवरच्या सगळ्यांचा हिवाळा निघतो. नाही मिळालं तर भुमेश्वरीला परत बिड्या वळायला बसावं लागेल. आधी तिलाच विचारलं. तिनं दातानं दोरा तोडला.

"ओटी काढली त राहिलं का, बाई? पोतंच. अन तेही रिकामं."

दाराआडून आई ओरडली, "नाही म्हनून लिहून दे ना! इतके वर्षं पेपरात का शिकली मंग?"

तेव्हा लिहिलं, आणि हे पत्र पुरं करण्याआधीच पाठवूनही दिलं: "ओटी निघणार नाही. ओटीसकट हवे असतील तर कळवा." अजून उत्तर नाही. येईल किंवा येणार नाही. आठवडी बाजारात दोरी बांधू, सदरे टांगू. गोंदियाला ओळखीच्या दारोदार फिरेन मी. मला कात्री धरता येत नाही, पण फोनवर भांडता येतं, ते काम माझं.

वचन देते, वहिनी. या घरातून एकही सदरा रिकाम्या ओटीनं जाणार नाही. आणि दुसरं: त्याच पोरीचं येत्या महिन्यात परत डोहाळजेवण आहे, दुसऱ्या बाळाचं. तुझं पिवळं ब्लाऊजपीस तिनं जपून ठेवलंय. मी हाच सदरा घालून जाणार, काळी नाही, पिवळी बाजू वर. सगळ्यांच्या आधी पुढे होऊन तिची ओटी तुझ्या नावानं भरणार. कुणी म्हणालंच की भाजी लागून राहिली, पाहून ये, तर सांगेन,

लागू द्या.

तुझीच नणंद,
सुमन