काटा आता विचारत नाही

प्रिय भावोजी,

नमस्कार. तुमची मान आता दोन्ही बाजूंना वळते ना? जाऊबाईंना सांगा, शेक द्या पण रागे भरू नका. पत्र बघून घाबरू नका. फोनवर मला चार वाक्यांपुढे बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी बरी आहे. जेवते, झोपते, दुकान उघडते.

सांगायचं ते काट्याचं. लोकरीचे गुंडे काट्यावर ठेवले की वजन आपोआप संगणकावर उमटतं, ही करामत तुमच्या भावाची (तेव्हा जेवणाच्या टेबलावर काटा होता आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो). त्यांनी जावा भाषेत केलेलं ते ॲप्लेट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, ब्राउझरमध्ये चालतं, आणि ब्राउझर त्याला कुंपणात ठेवतो. पाहुण्याने बाहेरच्या खोलीत बसावं, स्वयंपाकघरातले डबे उघडू नयेत, तसं. त्याला काट्याला हात लावायचा तर ॲप्लेटवर ते करणाऱ्याची संगणकी सही हवी आणि आपली परवानगी. म्हणून रोज सकाळी एक चौकट यायची: हे अमक्यांनी केलं आहे, विश्वास ठेवायचा का? अमक्यांच्या जागी त्यांचं पूर्ण नाव. मी ‘हो’ दाबायची, की काटा बोलू लागायचा.

मध्यंतरी त्या सहीची मुदत संपली आणि चौकटीत धोक्याचा पिवळा त्रिकोण आला. ‘हो’ म्हटलं की चालत होतं, पण शेजारच्या शिंपीणबाईंनी तो पाहिला आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलंच (दुसऱ्याच्या घरातला बिघाड त्यांना सोसत नाही). त्याने नवी सही घालून दिली. दुसऱ्या दिवशी काटा मुका. त्याने येऊन वायर बदलली. त्याच्या हाताने चाललं, तो गेला आणि सकाळी पुन्हा मुका. मग तो नवा काटाच घेऊन आला आणि बोलता बोलता त्यावर कोपर टेकून उभा राहिला. शाळेतल्या बाईंच्या मोज्यांची लोकर चार किलो भरली. “मोजे हत्तीला हवेत का हो?” शिंपीणबाईंनी विचारलं.

शेवटी तो माझ्या मागे स्टूल टाकून बसला. चौकट आली. मी ‘नाही’ दाबलं.

“काकू! रोज हेच दाबता?”

“त्यात तुमचं नाव येतं.”

“मग?”

“तुम्हाला मी कुठे ओळखते?”

शिंपीणबाई इतक्या हसल्या की तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. त्याने स्वतः ‘हो’ दाबलं आणि ‘पुन्हा विचारू नका’वर खूण केली. आता काटा झकास चालतो.

तुमची,
वहिनी

ता. क. सगळं ठीक आहे. मुद्दाम येण्याची काही गरज नाही.

ता. क. येणारच असाल तर तुमच्याकडचा त्यांचा जुना लॅपटॉप घेऊन या. त्यांच्या सहीची मूळ प्रत त्यात असेल, ती परत बसवा आणि ती खूण काढून टाका. मुदत संपलेली चालेल. त्रिकोणाचं मी बघून घेईन.

ता. क. हसू नका. तुमच्या भावाने घर घेतलं मला न विचारता, दुकान काढलं न विचारता, आणि गेले तेही न विचारताच. विचारायचे ते त्या चौकटीत तेवढंच, रोज सकाळी.