बावीस कोडी, बरोबर एकही नाही

दाजी,

कात्री खाली ठेवून, दोन्ही हात जोडून नमस्कार. ताईचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचा खोकला कमी असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, माझं डोकं तेवढं सोडून.

तुम्ही पाठवलेलं बुद्धिबळाच्या कोड्यांचं पुस्तक मिळालं. ते मी का मागवलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमची टिकली सुट्टीत महिनाभर तुमच्याकडे शिकून आली आणि आल्या आल्या मला म्हणाली, "बाबा, तुमच्याशी खेळलं की माझा खेळ बिघडतो." (अकरा वर्षांची पोर!) चेहऱ्यावर राग नाही, काही नाही, डॉक्टर पथ्य सांगतात तसं सांगून टाकलं. तेव्हापासून ती पट घेऊन एकटीच बसते. रोज जेवण झालं की आमचा एक डाव ठरलेला असायचा, तो गेला. दाजी, मला फार लागलं हो.

म्हणून पुस्तकासोबत तुम्ही लिहून पाठवलेले नियम मी तंतोतंत पाळतो. सोंगट्यांना हात लावायचा नाही, सगळं डोक्यात खेळायचं. आधी शह शोधायचे, मग मारामारी, मग धमक्या. समोरच्याची सगळ्यात चांगली खेळी त्याच्या वतीने आपणच शोधायची. (माझ्यातर्फे मी, त्याच्यातर्फेही मीच, मग शेवटी हरलं कोण, हे मला अजून कळलेलं नाही.) आणि उत्तर वहीत लिहिल्याशिवाय मागची पानं उघडायची नाहीत. आता सलूनमध्ये एवढा वेळ कुठून आणू? म्हणून रोज एका कोड्याची मोठी झेरॉक्स काढतो, खुर्चीमागच्या भिंतीवर चिकटवतो आणि केस कापता कापता समोरच्या आरशात बघत सोडवतो.

यात धंद्याची पार वाट लागली. बँकेतल्या साहेबांच्या गळ्यावर वस्तरा होता आणि मी म्हणे पुटपुटलो, "याला आधी मारून टाकू, मग राजा पळतो कुठे ते बघू." साहेब तोंडाला फेस तसाच ठेवून रस्त्यावर! माझा टॉवेलही घेऊन गेले. हेडमास्तरांचा डावा कल्ला कापला आणि मी समोरच्याची खेळी शोधण्यात गुंतलो. भानावर येऊन उजवा त्याच्या बरोबरीला आणायला गेलो तर तो जरा जास्तच वर गेला, म्हणून पुन्हा डावा, म्हणून पुन्हा उजवा... आता त्यांना कल्ले उरलेले नाहीत. ते दिसले की मी पलीकडच्या फुटपाथने जातो.

एवढं करून बावीस कोडी सोडवली आणि पुस्तकाशी एकही जुळत नाही! माझा घोडा सी-सातवर जाऊन मात करतो, पुस्तकातला एफ-सातवर. मी डावीकडचा हत्ती उचलतो, पुस्तक उजवीकडचा. बरं, माझीही मात होतेच की! तीन-तीनदा तपासलं, राजाला जायला एक घर नाही. मग पुस्तक चुकीचं छापलंय की मला वेड लागलंय? बायको म्हणते, दुसरं. तुम्ही जाणकार आहात, काय ते उलट टपाली कळवा.

तुमचा भंजाळलेला मेहुणा

ता. क. : पत्र बंद करणार तोच टिकली शाळेतून थेट दुकानात आली. वही चाळली, भिंतीकडे बघितलं, आरशाकडे बघितलं आणि खुर्चीत बसून पोट धरधरून हसली. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं म्हणे! तीस वर्षं आरशात बघून पोट भरतोय मी, आणि हे मला तिने सांगावं! मग तिने बावीसही उत्तरं उलटी करून तपासली. एकोणीस बरोबर. "बाबा, ही अवघड होती," असं म्हणाली, दाजी, शपथ. उरलेली तीन आम्ही दोघांनी मिळून सोडवली. तोवर एक गिऱ्हाईक ओल्या केसांनी बसून होतं.

ता. क. २ : खरं काम राहिलंच. याहून अवघड पुस्तक पाठवा. पण मागची उत्तरांची पानं फाडून तुमच्याकडेच ठेवा. उत्तरं हाताशी असली तर माझं मीच तपासणार, मग तिला दुकानात यायचं कारण उरत नाही. यातलं तिला काही कळू देऊ नका.

ता. क. ३ : काका, मी टिकली. बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं. पानं फाडू नका, पुस्तक खराब होतं. तसंच पाठवा. मी लपवून ठेवीन आणि बाबांना रोज एकेकच कोडं देईन.